किंकाळी साठवणारी पिशवी आणि पाबळची लॅब

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, लढाया आणि तह आठवतात. आजच्या भागात यातलं काहीच नाही. आज आहेत वायरी, स्पीकर, एक गुरगुरणारा मिक्सर आणि किंकाळी साठवून ठेवणारी एक पिशवी. आणि हो, आपला शिरूर तालुका आहे.

शिरूर तालुक्यातलं पाबळ तुम्हाला माहीत असेलच. राजगुरुनगरहून शिरूरकडे जाताना लागतं. मस्तानीची समाधी तिथेच आहे, त्यामुळे सिनेमा आल्यानंतर बऱ्याच जणांनी तिथे जाऊन सेल्फीसुद्धा काढले. पण याच पाबळमध्ये २००२ साली एक गोष्ट सुरू झाली, जिचं नाव आज जगभरातल्या इलेक्ट्रॉनिक्सवेड्या लोकांना माहीत आहे. ती म्हणजे विज्ञान आश्रमातली फॅब लॅब. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या बाहेर ज्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅब निघाल्या, त्यातली ही एक. बहुतेक ठिकाणी तिची नोंद पहिली म्हणूनच होते.

आता प्रश्न असा, की एमआयटीमधली कल्पना दुष्काळी पट्ट्यातल्या पाबळला पोचली कशी? आणि त्याच्याशी किंकाळीचा काय संबंध? ते समजायला आधी थोडं मागे जाऊ. जास्त नाही, शंभर वर्षं.

आवाज आधी आला

१९२० च्या सुमाराची गोष्ट. रशियात लेव्ह तेरमेन नावाचा एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण बनवत होता. त्याच्या लक्षात आलं, की आपला हात जवळ नेला की उपकरणातला सूर बदलतो. म्हणजे माणसाचं शरीरच सर्किटचा भाग होतंय. तो स्वतः चेलो वाजवायचा. त्याने हात हवेत हलवून सूर काढून बघितले आणि वाद्य तयार झालं. थेरेमिन. हात न लावता वाजणारं वाद्य! आज आपण ज्याला 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतो ना, ते इथे सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

पुढे अमेरिकेत रॉबर्ट मूग नावाच्या शाळकरी पोराला थेरेमिनचं वेड लागलं. घरी वडिलांबरोबर छंद म्हणून तो थेरेमिन बनवायचा. कॉलेजात असताना थेरेमिनचे किट विकायचा. याच मुलाने १९६४ मध्ये हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर बसून मूग सिंथेसायझर उभा केला. म्हणजे ज्या यंत्राने पुढे जगभरचं संगीत बदललं, त्याची सुरुवात घरातल्या खटपटीतून झाली.

आणि तो सिंथेसायझर भारतात कधी आला? तुम्हाला वाटेल ऐंशीच्या दशकात, हिंदी सिनेमाबरोबर. नाही. १९६९ मध्ये! अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीमध्ये. डेव्हिड ट्यूडर हा अमेरिकन कलाकार स्वतःची सर्किटं स्वतः बनवायचा. त्याने तिथे मूग आणि टेप मशीन घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी तिथे काम केलं. काही वर्षांतच तो स्टुडिओ थंडावला आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पुढे पॉल परगस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या, आणि २०२३ मध्ये त्यातलं संगीत प्रसिद्ध झालं. पन्नास वर्षांनी!

मुंबईचे चरणजीत सिंग यांचंही तसंच. सिनेमात वाजवणारा हा वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जोडून रागांना डिस्कोचा ठेका दिला आणि रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी फार विचारलं नाही. २०१० मध्ये ती परत निघाली आणि परदेशातल्या लोकांनी डोक्याला हात लावला. कारण तसाच आवाज शिकागोमध्ये 'ॲसिड हाउस' म्हणून गाजला, तो १९८७ नंतर.

या दोन्ही गोष्टींत एक साम्य बघा. यंत्र आलं, कलाकार होते, कामही झालं. पण ते यंत्र एका संस्थेपुरतं किंवा एका माणसापुरतं राहिलं. ते गावातल्या पोराच्या हातात कधी पडलंच नाही. कारण यंत्र महाग होतं, बंद डब्यात होतं, आणि ते उघडून बघायची परवानगी कोणालाच नव्हती.

किंकाळीची पिशवी

आता १९९८ मध्ये येऊ. एमआयटीमध्ये नील गर्शेनफेल्ड नावाचे प्राध्यापक. त्यांच्याकडे लेझर कटर, मिलिंग मशीन अशी भारी यंत्रं होती. संशोधन करणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांना ती वापरता यावीत म्हणून त्यांनी एक वर्ग काढला. नाव ठेवलं 'जवळपास काहीही कसं बनवावं'. जागा दहा-एक जणांची आणि आले शंभराच्या आसपास. त्यात इंजिनिअर तर होतेच, पण चित्रकार, शिल्पकार, आर्किटेक्ट असेही बरेच होते, ज्यांनी आयुष्यात कधी सोल्डरिंग केलेलं नव्हतं.

त्यातली एक केली डॉब्सन. कलेच्या बाजूने आलेली मुलगी. तिने काय बनवलं? छातीवर अडकवायची एक पिशवी. नाव 'स्क्रीमबॉडी'. समजा तुम्ही बसमध्ये आहात, ऑफिसात आहात आणि जीव इतका वैतागलाय की जोरात ओरडावंसं वाटतंय. पण ओरडता येत नाही, लोक काय म्हणतील! मग या पिशवीत तोंड घालून ओरडायचं. आवाज बाहेर जात नाही, पण आत रेकॉर्ड होतो. नंतर हवी तेव्हा, हवी तिथे ती किंकाळी बाहेर सोडायची.

हसू येतंय ना? येऊ द्या. पण तिने त्यासाठी काय काय केलं बघा. पिशवी शिवली, सर्किट डिझाइन केलं, बोर्ड तयार केला, आवाज साठवायची सोय केली, सेन्सर जोडले. ज्या कामाला कंपनीत चार वेगळे विभाग लागतात ते एका मुलीने एका सत्रात शिकून केलं.

नंतर तिने 'ब्लेंडी' नावाचा मिक्सरही बनवला. १९५० च्या दशकातला जुना मिक्सर, त्याला बटण दाबून चालू करायचं नाही. त्याच्यासारखं गुरगुरायचं. तुम्ही हळू, खालच्या सुरात गुरगुरलात तर तो हळू फिरतो, आवाज चढवलात तर तोही वेग घेतो. (घरच्या मिक्सरवर हा प्रयोग करू नका हं. २३० व्होल्टचं काम आहे.)

गर्शेनफेल्ड यांना या वर्गातून एक गोष्ट उमगली. ही मुलं बाजारात विकायला काही बनवत नव्हती. ती एकाच गिऱ्हाइकासाठी बनवत होती, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे ती स्वतः. जगात दुसऱ्या कोणाला नको असलेली पण मला हवी असलेली वस्तू मीच बनवणार. मग त्यांना वाटलं, हीच यंत्रं एमआयटीच्या बाहेर, जिथे बाजार पोचत नाही अशा ठिकाणी दिली तर लोक काय बनवतील? या प्रश्नाचं नाव पुढे 'फॅब लॅब' पडलं. २००१ मध्ये एमआयटीत त्यासाठी 'सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स' हे केंद्र सुरू झालं. आणि पुढच्याच वर्षी पाबळ.

पाबळला आधीपासून काय होतं

पाबळच का? कारण तिथे हा विचार वीस वर्षं आधीच रुजलेला होता. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. असलेले. मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. कोरडवाहू जमीन, दगडी माळ. शाळेतून गळालेली, नापासाचा शिक्का बसलेली पोरं त्यांनी जमवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, हाताने काम करत करत डोकं चालतं. वेल्डिंग, शेती, वायरिंग, रक्तगट तपासणी, सगळं एकाच पोराने शिकायचं. आणि नुसतं शिकायचं नाही, गावाला ती सेवा द्यायची. पुढे हा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या अनेक शाळांमध्ये गेला. 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय तुमच्यापैकी कोणाच्या शाळेत असेल तर त्याचं मूळ पाबळला आहे.

या पोरांनी काय काय केलं! जुन्या जीपचं इंजिन वापरून छोटा स्वस्त ट्रॅक्टर. जमिनीत पाणी कुठे लागेल ते विजेच्या रोधावरून तपासणं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गाजलेली त्रिकोणांची घुमटाकार घरं, ज्यांना लोक 'पाबळ डोम' म्हणतात.

म्हणजे गर्शेनफेल्ड पाबळला आले तेव्हा त्यांनी रिकाम्या माळावर काही आणून ठेवलं नाही. कामाचा हात तिथे तयार होता, आता त्याला संगणकावर चालणारी यंत्रं मिळाली. सर्किट बोर्ड गावातच कोरून काढता येऊ लागला. मग तिथे काम कशावर झालं? दुधाची प्रत मोजायचं उपकरण. डिझेल इंजिनाच्या ट्युनिंगचं उपकरण. गावाला जे लागतं ते. २००३ मध्ये कलबाग सर गेले, पण काम थांबलं नाही. २००९ मध्ये तर जगभरच्या फॅब लॅबवाल्यांचं संमेलनच पुण्यात भरलं.

आता इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते आजच्या भागाचा मुद्दा इथेच आहे. एमआयटीत सुरुवात झाली किंकाळीच्या पिशवीने. पाबळला झाली दूध आणि डिझेलने. एकीकडे 'मला वाटतं म्हणून', दुसरीकडे 'गावाला लागतं म्हणून'. दोन्हीकडे यंत्रं तीच, शिकायचं तेच. दोन्हीकडे माणूस वस्तू उघडतो, जोडतो, बिघडवतो, परत जोडतो. पण आपल्याकडे यातल्या एकाच रस्त्याला मान आहे. पोरगं पंपाचा स्टार्टर दुरुस्त करत असेल तर 'हुशार आहे हो'. तेच पोरगं जुन्या रेडिओतून विचित्र आवाज काढत बसलं, तर 'काय उपयोग? अभ्यास कर'.

'काय उपयोग?'ला इतिहासाचं उत्तर

एक साधं उदाहरण घेऊ. ५५५ नावाची एक चिप आहे. हान्स कामेंझिंड या इंजिनिअरने १९७१ मध्ये तिचं डिझाइन केलं. आठ पायांचा काळा किडा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मागा, काउंटरवरचा माणूस न बघता काढून देतो. ही चिप एक कपॅसिटर भरते आणि रिकामा करते. तो पुरवठ्याच्या दोन तृतीयांश व्होल्टपर्यंत भरला की चिप रिकामा करायला लागते, एक तृतीयांशपर्यंत उतरला की परत भरते. हे भरणं-ओतणं सेकंदाला शेकडो वेळा झालं आणि त्याला छोटा स्पीकर जोडला, की सूर ऐकू येतो.

आता यातल्या एका रेझिस्टरच्या जागी एलडीआर लावा. एलडीआर म्हणजे उजेडात रोध कमी आणि अंधारात जास्त होणारा सेन्सर. दुसरा रेझिस्टर १ किलोओहमचा, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा. खोलीतल्या उजेडात एलडीआर समजा १० किलोओहम असेल, तर सेकंदाला साधारण ६८६ कंपनं, म्हणजे चांगला खणखणीत सूर. त्यावर हाताची सावली पाडली आणि तो १०० किलोओहम झाला, तर कंपनं ७२ वर येतात, घुमणारा खर्ज. नऊ व्होल्टची बॅटरी आणि तुमची सावली. झालं वाद्य! थेरेमिनचा गरीब भाऊ म्हणा.

हे करताना तुम्ही काय शिकलात? सेन्सर, टायमिंग, पुरवठा, कंपनसंख्या. हेच सर्किट थोडं बदललं की अंधार पडल्यावर आपोआप लागणारा दिवा होतो, टाकी भरली की वाजणारा गजर होतो. पण सूर काढताना चूक लगेच कानाला कळते. पुस्तकात उत्तर शोधावं लागत नाही. म्हणून आवाज हा चांगला मास्तर आहे. जुना मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, तो कुठे शिकला? ऐकून ऐकूनच ना!

आणखी एक गोष्ट. तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर तिथे आर्डुइनोचा निळा बोर्ड बघितला असेल. २०१६ नंतर केंद्र सरकारच्या योजनेतून अशा लॅबसाठी शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं. त्या बोर्डावर मुलं बहुतेक वेळा काय करतात? रेघेवरून चालणारी गाडी आणि अडथळा आला की थांबणारी गाडी. चांगलंच आहे. पण तो बोर्ड मुळात कोणासाठी बनला होता माहितीय? २००५ च्या सुमारास, इटलीतल्या इव्रेआ गावातल्या एका डिझाइन संस्थेत, इंजिनिअर नसलेल्या मुलांसाठी. कलाकार आणि डिझाइनर यांना सेन्सर, मोटर, दिवे, आवाज सहज जोडता यावेत म्हणून. म्हणजे आपल्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला मांडलेला बोर्ड कलेच्या वर्गातून आलाय. आणि आपल्याकडे चित्रकलेचे सर आणि टिंकरिंग लॅबचे सर एकमेकांच्या खोलीत डोकावत नाहीत!

आपल्याकडचे कलाकार

मग आपल्याकडे अशी कला नव्हतीच का? होती की. फक्त तिला हे नाव नव्हतं. गणपतीतले हलते देखावे आठवा. मोटरवर मान डोलावणारा राक्षस, वायपरच्या मोटरवर हलणारा हात, रेकॉर्ड केलेली कॉमेंट्री, आणि प्रसंग बदलला की बरोबर त्या पात्रावर पडणारा दिवा. ते सगळं जुळवणारा एक माणूस मंडपाच्या मागे, पडद्याआड बसलेला असतो. तो मंडळाच्या बॅनरवर नसतो. पण आवाज, उजेड आणि हालचाल यांचं नातं जुळवणं हेच तर काम मोठ्या शहरांतल्या गॅलरीत 'इन्स्टॉलेशन' म्हणून मांडलं जातं.

हलगीवाला घ्या. कार्यक्रमाआधी तो हलगी विस्तवावर शेकतो, कातडं ताणलं जातं, आवाज चढतो. मग गर्दी बघून ठेका बदलतो. लोक नाचले की वाढवतो, दमले की उतरवतो. हे खरं इंटरॅक्टिव्ह! आता त्याच्या शेजारी डीजेची भिंत उभी करा. तिथे एकच प्रश्न असतो, आवाज किती मोठा. नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, मिरवणुकीत काय होतं ते आपण सगळे जाणतो. इलेक्ट्रॉनिक्स आपल्याकडे आलं, पण बऱ्याचदा फक्त आवाज वाढवायला आलं. समोरच्याचं ऐकून उत्तर द्यायला नाही.

आणि यंत्र कोणाच्या हातात, हा प्रश्न या भागाला नवा नाही. दौंड तालुक्यातलं केडगाव घ्या. शंभरेक वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये बायका छापखाना चालवायच्या. विधवा, दुष्काळातून वाचलेल्या मुली स्वतः खिळे जुळवायच्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यानंतर तिथेच छापून पुरं झालं. ज्या काळात बाईने पुस्तक वाचणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात दौंडच्या माळावर बायका पुस्तक बनवत होत्या.

आता आजचं चित्र बघा. रांजणगाव एमआयडीसीत टीव्ही, फ्रिज बनवणारे मोठे कारखाने आहेत. २०२२ मध्ये तिथेच सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचं क्लस्टर मंजूर झालं, खर्च जवळपास ४९३ कोटी. शिरूर-दौंडमधली पोरंपोरी तिथे कामाला लागतील, पगार घरी येईल, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण लाइनवर उभं राहून दुसऱ्याने ठरवलेला बोर्ड दुसऱ्याने ठरवलेल्या जागी बसवणं एक, आणि त्या बोर्डाने काय बोलावं हे आपण ठरवणं दुसरं. पहिलं काम उद्या यंत्रमानव करेल. दुसरं करायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला लहानपणी कधीतरी बिनउपयोगी वाटणारं काहीतरी करू द्यावं लागतं.

मला कलबाग सरांच्या विरुद्ध काही म्हणायचं नाहीये. पाणी नसलेल्या गावात आधी पाणीच शोधायला हवं. पण त्यांनी नापास पोरांच्या हातात यंत्र देऊन जे दाखवलं, तेच केली डॉब्सनने दुसऱ्या टोकाने दाखवलं. उघडायची, जोडायची मुभा मिळाली की माणूस आधी जवळचा प्रश्न सोडवतो. कोणाचा प्रश्न दुधाचा असतो, कोणाचा घशात अडकलेल्या किंकाळीचा. आणि खरं सांगा, आपल्या गावातल्या किती मुलींना ती पिशवी लागेल?

तर मंडळी, घरात एखादा बंद पडलेला, सेलवर चालणारा रेडिओ किंवा खेळण्यातला पियानो असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा उघडा. आधी सेल काढा, प्लगवर चालणाऱ्या वस्तूंच्या वाटेला जाऊ नका. शाळेत लॅब असेल तर सरांना विचारा, 'सर, यातून आवाज काढू का?' आणि येत्या गणपतीत देखावा बघून झाला की पाच मिनिटं मंडपाच्या मागे जा. तिथे वायरींच्या गुंत्यात बसलेल्या माणसाला विचारा, हे तुम्ही शिकलात कुठे? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. उद्याचा इतिहास लिहायला ते लागणार आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!